डावं म्हणजे डावंच

हॉस्पिटलच्या तळघरात, रेकॉर्डच्या खोलीत तो अकरा वर्षं कोडिंग करत होता. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि आजाराला ठरलेला कोड द्यायचा, हे त्याचं काम. कोडमधलं टिंब जरी हुकलं तरी फाईल परत पाठवायचा, म्हणून सगळे त्याला टिंबराव म्हणत. आईसाठी मात्र तो चौतिशीतही बाळ्याच होता.

एके दिवशी अंघोळ करताना त्याच्या हाताला डाव्या अंडकोषात कडक गाठ लागली. दुखत नव्हती, नुसतं जड वाटायचं. दुखत नाही म्हणून माणसं असं दुखणं महिनोन्‌महिने अंगावर काढतात, हे त्यानं फायलींत वाचलेलं. तरी त्यानंही तीन आठवडे काढलेच. शेवटी बायको कडाडली, "दुसऱ्यांच्या फायली तोंडावर फेकता, आणि स्वतःची उघडायला हात थरथरतो?"

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. तोवर कागदावर नुसत्या गाठीचाच कोड होता. खात्री झाल्याशिवाय कॅन्सरचा कोड लावायचा नाही, हे नव्या माणसांना तोच शिकवायचा. मग जांघेतून छेद घेऊन अख्खा अंडकोष काढला, तो लॅबमध्ये तपासला आणि अहवाल आला. कॅन्सरच होता. मात्र पसरलेला नव्हता, वेळेत सापडला होता.

घरी आल्यावर आई दबक्या आवाजात म्हणाली, "बाळ्या, विचारलं कुणी तर हर्निया सांग."

"का? चोरी केलीय मी?"

"तसं नाही रे. पुरुषाची अब्रू असते."

"माझी अब्रू तिथं असती, तर ती बरणीत बसून लॅबला गेली असती, आई!"

आईला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. त्यानं तिला जवळ घेतलं, पण हर्निया काही कबूल केला नाही. दारात आलेल्या शेजाऱ्याला त्यानं आजाराचं नाव खणखणीत सांगितलं. शेजारी चपलांकडे बघत राहिला.

कामावर रुजू झाला त्या सकाळी शेजारच्या टेबलावरच्या ताईनं घाईनं एक फाईल ड्रॉवरमध्ये सारली.

"तुझी आहे. मी करते. स्वतःची करायची नाही, नियम आहे."

"नाही करत. काय लिहिलंय तेवढं सांग."

"'वृषणाचा कॅन्सर.' बस. बाजू नाही. वृषण खाली उतरलेलं होतं की पोटातच राहिलेलं, तेही नाही. सी बासष्ट, टिंब, पुढं नऊ आणि शून्य."

म्हणजे कुठला, कसला, काही माहीत नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाके ओढत होते, तरी फाईल काखोटीला मारून तो तीन मजले चढला.

सर्जन वैतागले. "अहो, अंडकोष मी काढलाय. कुठला नाही ते दिसतंच की!"

"कुणाला दिसतं, साहेब? पुढच्या प्रत्येक डॉक्टरसमोर मी पँट उतरवू? उजवा राहिलाय, त्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायचीय. कागदच मुका असला तर कुणाच्या भरवशावर ठेवायची?"

"तुम्ही आत्ता पेशंट आहात की कारकून?"

"दोन्ही. म्हणून दुप्पट बोलतोय."

नर्सनं तोंड फिरवून हसू दाबलं. सर्जननी पेन काढलं. 'डावं वृषण, खाली उतरलेलं.' खाली सही केली. ताईनं त्याच दुपारी नऊ-शून्याच्या जागी एक आणि दोन टाकले; एक म्हणजे उतरलेलं, दोन म्हणजे डावं.

पुढं तो कुणासमोरही आवाज खाली करून बोलला नाही. कँटीनमध्ये एकानं "आता अर्धाच राहिलास" असं म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, "अर्धा का होईना, तपासलेला आहे. तुझं काय?" सगळे हसले.

दोन महिन्यांनी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर तळघरात आला. बराच वेळ दारात चाव्या फिरवत उभा राहिला.

"टिंबराव, मलाही... जड वाटतंय. दुखत मात्र नाही."

"कधीपासून?"

"झाले चार महिने."

टिंबरावानं समोरची फाईल मिटली. "चल वर. मी सोबत येतो."

"लोक बघतील ना."

"बघू दे की," म्हणत त्यानं ड्रायव्हरच्या दंडाला धरलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.