एकाहत्तरच्या ॲव्हरेजचे पेढे

आमच्या स्कूटरने लिटरला एकाहत्तर किलोमीटरचं ॲव्हरेज दिलं, त्या दिवशी मी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले.

स्कूटर सात वर्षं जुनी होती आणि सात वर्षं ती न चुकता अठ्ठेचाळीस देत होती. अठ्ठेचाळीसवरून थेट एकाहत्तर! वसईजवळच्या गोखिवऱ्यातल्या आमच्या चारही मजल्यांवर मी जातीने पेढे पोचवले. "मुलगा झाला की काय या वयात?" असं पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं. मी म्हटलं, "आजी, त्याहून अवघड गोष्ट झाली आहे."

स्कूटर घेतली होती स्टेशनला जायला. पण घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की स्टेशनबाहेर ती दिवसभर उन्हात उभी राहणार. उन्हाने रंग उडतो, सीट फाटते आणि शेजारची मोटारसायकल आरसा तोडते. म्हणून स्कूटर घरी झाकून ठेवून मी रोज रिक्षाने स्टेशनला जात असे. (हसू नका. आठ वर्षांत आरशाला एक ओरखडा नव्हता.)

तिची स्वारी निघायची गुरुवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी. आठवड्याचे वीस-बावीस किलोमीटर. वेग चाळीस, एकेचाळीस नाही. हाफ क्लचवर चालवायचं नाही, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, निघण्याआधी इंजिन दोन मिनिटं गरम करायचं. हॉर्नने बॅटरी उतरते म्हणून मी तोंडानेच "सरका, सरका" असं ओरडत जात असे. दर रविवारी टाकी गळ्यापर्यंत भरायची, आठवड्याच्या किलोमीटरला त्या पेट्रोलने भागायचं आणि उत्तर वहीत लिहायचं. वहीत टायरची हवा, प्लग साफ केल्याची तारीख आणि शेवटी शेरा असे रकाने होते.

आणि एक नियम वहीच्या पहिल्याच पानावर, लाल शाईत: किल्ली कोणालाही द्यायची नाही.

कोणालाही म्हणजे कोणालाही. आमच्या हिने, सुलभाने, एकदा विचारलं होतं, "अहो, मी शिकू का स्कूटर?"

"शिकाऊ हातात क्लच प्लेटचं आयुष्य निम्मं होतं," मी कागदावर गणित मांडून दाखवलं.

तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणाली. एवढ्या लवकर पटलेलं पाहून मला आनंद झाला. लग्नाला सतरा वर्षं झालेल्या माणसाला खरं म्हणजे घाम फुटायला हवा होता.

तर पेढे वाटले त्याच्या पुढच्या रविवारी ॲव्हरेज आलं एकतीस!

मी गणित तीनदा केलं. एकतीस. प्लग बदलला. पुढच्या आठवड्यात अडतीस. कार्बोरेटर साफ करून घेतला. चव्वेचाळीस! मी सोसायटीच्या फळ्यावर 'कार्बोरेटरची स्वच्छता: एक अनुभव' असं टिपण लावलं. त्याची शाई वाळायच्या आत एकोणतीस. मी पेट्रोल पंप बदलला. हवा संध्याकाळऐवजी सकाळी भरून पाहिली. वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात 'पश्चिमेचा वारा?' असंही लिहिलं. (आता ती वही कोणी मागितली की मी ते पान चिकटलंय म्हणून सांगतो.)

आमचा मेकॅनिक पास्कू. मूळचा गावातला, वडिलांच्या वाडीत केळी लावायची सोडून स्पॅनर धरलेला. मी दर शनिवारी त्याच्यासमोर वही उघडायचो.

"पास्कू, इंजिन उघड."

"साहेब, इंजिनाला काय झालेलं नाय. एकदम मस्त चाललंय."

"मग पेट्रोल जातं कुठे?"

पास्कूने हात पुसले, आकाशाकडे पाहिलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाला, "मशीन आहे साहेब. चालवणाऱ्यावर असतं."

हा टोमणा मला आहे असं वाटून मी आठवडाभर चाळीसऐवजी पस्तीसने चालवली. ॲव्हरेज आलं तेहेतीस.

त्या वर्षात घरात एक गोष्ट मात्र फार चांगली चालली होती, ती म्हणजे भाजी. काय ती वांगी! काय तो पालक! देठ मोडला तर आवाज यायचा. अंडीसुद्धा गावठी. आमचा दारावरचा भाजीवाला सुधारला, असा मी निष्कर्ष काढला आणि त्याला जाता-येता शाबासकी दिली. तो बिचारा माझ्याकडे चमकून पाहायचा.

आता येतो माझा मेहुणा विलास. राहायला विरारला, बोळिंजला. त्याच्याकडे आमच्याच मॉडेलची स्कूटर, चार वर्षांनी नवी. पण पाय कायम ब्रेकवर, जसं काही ते पायपुसणं आहे. हात कायम क्लचवर. आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं तरी फुल रेस. चार वर्षांत तीन क्लच प्लेट खाल्ल्या आणि एकदा इंजिनाचं काम निघालं. ऑइल बदललंस का विचारलं तर म्हणायचा, "भाऊजी, ती आवाज करेल तेव्हा बदलू." त्याला मी चार वर्षं व्याख्यानं दिली होती. त्याने सूड घेतला.

"भाऊजी, एकतीस? माझी फटिचर गाडी पस्तीस देते!" तो माझ्या वहीवर बोट ठेवून म्हणाला. "इंजिन गेलं हो तुमचं. बोळिंजला गिऱ्हाईक आहे माझ्या ओळखीचं. काढून टाका."

मी चिडलो. वसईतल्या एका मंडळाने त्या महिन्यात स्कूटरची मायलेज स्पर्धा ठेवली होती. प्रत्येकाची टाकी रिकामी करून मोजून दोनशे मिलिलिटर पेट्रोल घालायचं, आणि मैदानाभोवती एक किलोमीटरची फेरी मारत राहायचं, गाडी थांबेपर्यंत. मी जाहीर केलं, "या स्पर्धेत नऊ फेऱ्या झाल्या, म्हणजे पंचेचाळीसचं ॲव्हरेज, तर गाडी ठेवायची. एक फेरी जरी कमी पडली, तर सोमवारी तुझ्या गिऱ्हाइकाला घेऊन ये. माझा शब्द!"

आतून स्टीलचं पातेलं पडल्याचा आवाज आला. सुलभा बाहेर आली.

"अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"स्पर्धेनंतर. मला आता एकाग्रता हवी आहे."

"विकायची कशाला पण? मला—"

"भावना मध्ये आणू नकोस. आकडे बोलतील."

तयारीला लागलो. वजन कमी म्हणजे ॲव्हरेज जास्त. स्टेपनी काढली. आरसा काढला (आठ वर्षं जपलेला!). डिकीतली हत्यारं काढली. मग सगळ्यात जड वस्तू लक्षात आली: मी. एकाहत्तर किलो. शुक्रवारी रात्रीपासून मी जेवण बंद केलं. शनिवारी दोन केळी आणि पाणी. रविवारी सकाळी पाणीही अर्धा पेला. वजन भरलं साडेएकोणसत्तर. मी ते वहीत लिहिलं. भुकेने त्यातला पाचाचा आकडा वेगळाच दिसायला लागला होता, पण लिहिलं.

मैदानावर ही गर्दी! विलासची गाडी आधी सुटली. पहिल्या वळणाला ब्रेक, मग रेस, पुन्हा ब्रेक. सातव्या फेरीत खोकली आणि सव्वासात फेऱ्यांवर थांबली. "छत्तीस!" तो पंचांकडून आकडा घेऊन ओरडत आला. "भाऊजी, गिऱ्हाइकाला फोन करू?"

माझं नाव पुकारलं. मी रुबाबात किक मारली. एक. दोन. पाच. आठव्या किकला स्कूटर सुरू झाली नाही, पण मैदान सुरू झालं. गोल फिरायला लागलं! मी हँडलला धरलं, हँडल माझ्यासकट कलंडलं, आणि सोबत आलेल्या पास्कूने मला बगलेत धरून एका खुर्चीत बसवलं आणि हातात बिस्किटं दिली. ज्या माणसाने आठ वर्षं स्कूटरची टाकी एकदाही रिझर्व्हला येऊ दिली नाही, त्याची स्वतःची टाकी भर मैदानात संपली होती!

पंच म्हणाले, "पाच मिनिटांत गाडी निघाली नाही तर बाद."

विलास खिशातून फोन नंबरची चिठ्ठी काढू लागला. तेवढ्यात सुलभाने पर्स माझ्या मांडीवर ठेवली.

"मी चालवते."

"तू?" मी बिस्किटाचा घास गिळत म्हणालो. "लायसन्स लागतं!"

तिने पर्सचा पुढचा कप्पा उघडून माझ्या हातात दिलं. लायसन्स. तिचाच फोटो. पंधरा महिने जुनं.

मी तोंड उघडं ठेवून बघत असताना ती स्कूटरपाशी गेली, ओढणी कमरेला बांधली, आणि बसण्याआधी खाली वाकून पुढच्या चाकाजवळचा एक बारका नट दोन बोटांनी सैल केला. किलोमीटरच्या काट्याची केबल अलगद बाहेर आली.

"हे काय करतेस?" मी ओरडलो.

ती दचकली. केबलकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अय्या," ती म्हणाली, "सवय!"

आणि एका किकमध्ये, एका, गाडी सुरू करून निघून गेली.

मी पास्कूकडे वळलो. तो केव्हाच आकाशाकडे बघत होता.

"पास्कू!"

"साहेब, वैनी वर्षभर वसईच्या होळी बाजारात जातात ना भाजी आणायला. किल्ली घरीच असते तुमची. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. सोमवार ते शुक्रवार."

"आणि केबल?"

"ती मीच शिकवली काढायला. तुम्ही काटा बघता ना रोज! केबल काढली की तो हलत नाय. पेट्रोल त्या परत टाकतात, ऑइल मिक्स करून, बरोबर. पण अंदाजाने. कधी पावशेर कमी, कधी पावशेर जास्त."

डोक्यात दिवा लागला. कमी टाकलं की एकतीस. जास्त टाकलं की एकाहत्तर! मी सबंध सोसायटीला पेढे वाटले होते ते बायकोच्या हातून चुकून जास्त पडलेल्या पावशेर पेट्रोलचे!

"सहा... सात..." पंच मोजत होते. सुलभाची गाडी पाण्यातून जावी तशी चालली होती. वळण यायच्या कितीतरी आधी ती रेस सोडायची. ब्रेकचा दिवा पेटतच नव्हता.

"इतकं हळुवार हिला कोणी शिकवलं?" मी पुटपुटलो.

"अंड्यांनी," पास्कू म्हणाला. "दोन डझन अंडी पायाशी घेऊन चालवतात. ब्रेक मारून चालेल का? मी सांगतो साहेब, तुमची गाडी कव्हरखाली सडली असती. रोज चालली म्हणून जगली."

आठ. माझ्या हातातलं बिस्कीट मोडलं. नऊ! मी खुर्चीवर उभा राहिलो. (पास्कूने खुर्ची धरली.) दहा, अकरा! विलासने चिठ्ठी फाडली आणि "ताई, सोडू नको!" म्हणून बोंबलायला लागला. बारा, तेरा! होळीच्या दोन भाजीवाल्या टोपल्या खाली ठेवून टाळ्या वाजवत होत्या. त्यांना म्हणे वर्षभर माहीत होतं. चौदावी फेरी पूर्ण झाली आणि त्यापुढे दोनशे मीटरवर स्कूटर शांतपणे थांबली.

चौदा किलोमीटर दोनशे मीटर, दोनशे मिलिलिटरमध्ये. मी वही उघडली. भागाकार केला. पुन्हा केला.

एकाहत्तर.

पहिला नंबर! कप सुलभाला मिळाला. प्रशस्तिपत्रकावर तिच्या नावाखाली एक ओळ रिकामी होती, तिथे पंचांनी माझं नाव लिहिलं आणि पुढे कंसात 'मदतनीस'. घरी येताना मी मागे बसलो होतो, मांडीवर कप घेऊन.

"अहो, रागावलात?" तिने विचारलं.

"नाही. पेढे वाया गेले नाहीत एवढंच. थोडे आधी वाटले गेले."

स्कूटर विकली नाही. आणखी अकरा वर्षं ती रोज चालली, कव्हर न घालता, आरशावर तीन ओरखडे घेऊन. तेल, हवा, प्लग माझ्याकडे, हँडल तिच्याकडे. लाल शाईतला नियम आम्ही बदलला नाही, फक्त तो आता मला लागू झाला. एखाद्या शनिवारी मी एकटाच गाडी घेऊन सर्व्हिसिंगला गेलो, की पास्कू हातातला स्पॅनर खाली ठेवून माझ्यामागे रस्त्यावर नजर टाकायचा आणि काळजीने विचारायचा, "साहेब, गाडी तुम्ही आणलीत? वैनींना माहीत आहे ना?"