फाटकावरचा नंबर

मी भित्री आहे. दारावरची बेल वाजली की मी आधी रेडिओ बंद करते, घरात कुणी नाही असं वाटावं म्हणून. अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो वाजून वाजून बंद होईपर्यंत मी त्याच्याकडे नुसती बघत बसते. अशा बाईने पनवेलच्या कॉलेजात जन्मभर व्यापारी कायदा शिकवला याचं लोकांना नवल वाटतं. मला अजिबात वाटत नाही. कायदा ही मला दाराची कडी वाटायची. ती आतून नीट लावली की बाहेरच्यांचं आपल्यापुढे काही चालत नाही, अशी माझी समजूत होती.

नेऱ्याचं फार्महाऊस ही माझ्या नवऱ्याची हौस. डोंगराच्या पायथ्याशी थोडी आंब्याची झाडं, दोन खोल्या, पुढे ऐसपैस अंगण, आणि मागे पाण्याची उघडी टाकी, जिला तो पाहुण्यांसमोर स्विमिंग पूल म्हणायचा. तो गेला आणि सगळं माझ्या गळ्यात पडलं. बरं तर बरं, राखणदार होता. गावातलाच, बोलघेवडा, भेटेल त्याला काका-मामा करणारा. शनिवार-रविवारी जागा कुणाला द्यायची, लग्नसराईत कुणाची हळद घ्यायची, सगळं तोच ठरवायचा. मला अनोळखी माणसांशी बोलावं लागायचं नाही, एवढ्यावर मी खूश होते. त्याने फाटकावर पाटी रंगवून घेतली, ‘हळद, वाढदिवस, पार्टीसाठी जागा मिळेल’, तेव्हा खाली कुणाचा नंबर टाकायचा असं मला विचारलं होतं. मी जवळजवळ किंचाळलेच, “तुझाच टाक, तुझाच!” गावात बरेच जण त्यालाच मालक समजायचे. मला त्याची गंमत वाटायची.

गेल्या दिवाळीनंतर त्याला न्हावा शेव्याच्या बाजूला कंटेनरच्या यार्डात नोकरी लागली. रडतरडत किल्ल्या देऊन गेला. मी त्याला कपडे केले, मिठाई दिली, आणि जागा भाड्याने देणं त्या दिवसापासून बंद असं मनाशी ठरवून टाकलं. मनाशीच. दुसऱ्या कुणाला सांगायला हवं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्यानंतर आंब्याला मोहोर किती आलाय ते बघायला मी एकटीच नेऱ्याला गेले. रिक्षावाल्याला संध्याकाळी परत ये म्हटलं, आत शिरले, फाटकाला आतून कुलूप लावलं आणि चहा टाकला. चहाला उकळी यायच्या आत बाहेर हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. फाटकाशी टेम्पो उभा होता, आणि त्यातून माणसं भराभर मांडवाचे बांबू उतरवत होती.

मी अंगणाच्या मध्यापर्यंत गेले. त्यापुढे जायची हिंमत झाली नाही. तिथूनच ओरडले, “काय पाहिजे?”

“कुलूप उगडा, बाय,” पुढचा धिप्पाड तरुण म्हणाला. “आज आमची हलद हाय इथं.”

“इथे काही नाही आज. जागा बंद आहे. बुकिंग घेत नाही आम्ही.”

“घेत नाय कशी? घेतलाय की. चार म्हयने झाले.” त्याने राखणदाराचं नाव घेतलं. “बयाना दिलाय त्याला.”

“तो कामावर नाही आता. सोडून गेला.”

तो तरुण वळला आणि त्याने फाटकावरच्या पाटीवर थाप मारली. पत्रा खणकन वाजला. “मंग ह्यो नंबर कोनाचा हाय? ही पाटी तुमच्याच गेटाव हाय ना?”

मी राखणदाराला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंदच. तोवर मागून आणखी एक टेम्पो आला, त्यात भांडी आणि गॅसच्या शेगड्या. त्यामागे बायकांनी भरलेली मिनीबस. बाहेरची कुजबुज वाढत वाढत आरडाओरडा झाली. कुणीतरी फाटक गदागदा हलवलं. मी पळाले. लाज सोडून, साडी वर धरून पळाले, घरात शिरून कडी लावली, आणि तेवढ्याने भागेना म्हणून न्हाणीघरात जाऊन त्याचीही कडी लावली.

तिथे उलट्या बादलीवर बसून मी कायदा आठवायला लागले. माझ्याजवळ तेवढंच हत्यार होतं. माझी बाजू भक्कमच असणार याची मला खात्री होती. मी कशावर सही केलेली नव्हती. मी या माणसांना कधी पाहिलं नव्हतं. राखणदाराची नोकरी संपलेली होती. पोलिसांना फोन करून हे तीन मुद्दे सांगायचे, बस्स. मोबाइल हातात घेतला, आणि नेमकं तेव्हाच मला किराणा दुकानाचं उदाहरण आठवलं.

एजन्सीचं, म्हणजे मालकाच्या वतीने दुसऱ्याने केलेल्या व्यवहारांचं, प्रकरण शिकवताना मी दर वर्षी ते सांगायचे. एका किराणा दुकानदाराने गल्ल्यावर नोकर बसवला. वर्षानुवर्षं तोच माल मागवायचा, मालक पैसे चुकते करायचा. एक दिवस मालकाने नोकराला काढलं, पण व्यापाऱ्यांना कळवलं नाही. नोकराने त्याच दुकानाच्या नावावर पुन्हा माल उचलला. आता पैसे कुणी द्यायचे? मुलं एका सुरात ओरडायची, “नोकराने!” मग मी खडू टेबलावर ठेवून, फार चवीने, सांगायचे की नाही, मालकाने. कारण व्यापाऱ्याला दिसत होतं ते एवढंच, की हा माणूस या गल्ल्यावर बसतो. त्याला तिथे मालकानेच बसवलं. आतल्या आत काय बदललं ते बाहेरच्याला कसं कळणार? एका वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, “मॅडम, मग मालकाने बिचाऱ्याने करायचं काय?” मी म्हटलं होतं, “बिचारा कसला? जगाला कळवायचं. पाटी उतरवायची.” वर्ग हसला होता.

न्हाणीघरात बसून मी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केला आणि माझीच केस हरले. पोलिसांना काय सांगणार होते? ही माणसं घुसखोर आहेत? ती माझीच पाटी वाचून आली होती, आणि चार महिन्यांपूर्वी बयाणा दिला तेव्हा तर राखणदार माझ्या नोकरीतच होता. आजवर कायदा माझ्या बाजूला, दाराच्या आत असायचा. त्या दिवशी तो त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर उभा होता आणि मी आत एकटी होते.

एकटीच्या मनात काय काय येतं! त्यांचं बरोबर असलं म्हणून काय झालं, एवढा जमाव आत घ्यायचा? दारू असणार. डीजे असणार. मागची टाकी उघडी, एखादं पोर पडलं तर? मारामारी झाली तर? जागा माझी, म्हणजे जबाबदारी माझी. थोडा वेळ अशीच बसून राहिले तर कंटाळून जातील, असंही वाटलं. मग बाहेरचा गलका एकदम थांबला. त्या शांततेची मला आरडाओरड्यापेक्षा जास्त भीती वाटली.

कुणीतरी न्हाणीघराच्या मागच्या बाजूला आलं होतं. कुंपणापलीकडून आवाज आला, दबका, म्हाताऱ्या माणसाचा.

“बाय, हाव का तुमी आत? मी पोरीचा बाप. पोरांना गप केलाय मी. त्यांचा राग मनात धरू नका.”

मी बादली हळूच खिडकीखाली सरकवली.

“आमचा जुना घर एअरपोर्टच्या जमिनीत गेला, बाय. नवा बांदतोय, त्याला अजून स्लॅप नाय. आता भाड्याच्या खोलीत हाव. तिथं मांडव कुटं घालू? आंगन हाय कुटं?” कुंपणाची तार करकरली. “सांजचे पावने येतील. नवऱ्याकरची मानसं येतील. त्यांना काय सांगू, तेवडा सांगा. मंग आमी जातो.”

मी बादलीवर चढून न्हाणीघराच्या छोट्या खिडकीतून पाहिलं. तो माझ्याच वयाचा होता. नवी टोपी, नवा सदरा. कुंपणाची तार त्याने धरली होती आणि त्याचा हात थरथरत होता. माझा थरथरत होता तसाच. इतका वेळ मला वाटत होतं की घाबरलेलं माणूस इथे एकच आहे.

“फाटकाशी या,” मी खिडकीतून म्हणाले. “उघडते.”

मी किल्ली घेऊन फाटकाशी आले आणि कुलूप काढलं. तो धिप्पाड तरुण पलीकडे हाताची घडी घालून बघत होता. मी त्याच्याकडे न बघता बापाला म्हणाले, “शब्द त्याने दिला. पण माझ्या फाटकात उभं राहून दिला, म्हणजे माझाच. तुमचा बयाणा त्याच्याकडून घ्यायचा की नाही, ते माझं मी बघेन. फक्त टाकीकडे पोरांना जाऊ द्यायचं नाही.” आवाज एवढा चिरका निघाला की मला माझाच राग आला. म्हाताऱ्याने हात जोडले आणि वळून डोळे पुसले.

रिक्षावाला संध्याकाळी आला, त्याला परत पाठवलं. जागा माझी होती, निघून कशी जाणार? अंगणात मांडव उभा राहिला. धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातली गाणी म्हणणारी बाई, खणखणीत आवाजात गायला लागली. मटणाच्या वासाने घर भरलं. मी यातलं काहीच धड पाहिलं नाही. मी टाकीच्या काठाशी खुर्ची टाकून, हातात आंबे पाडायची काठी घेऊन, पोरांवर पहारा देत बसले होते. डीजे धडधडायला लागला तेव्हा छातीत कुठली धडधड कुणाची ते कळेना.

हळद लागल्यावर नवरी हात धुवायला मागे आली. पिवळीधमक, केसांतसुद्धा हळद. हात धुतले तरी ती लगेच गेली नाही.

“बाय, आमी भायेर मिनीबसमदी बसलो व्हतो ना,” ती म्हणाली, “तवा मी निसता तुमच्या कुलपाकरं बगत व्हते. वाटला, आता आपली हलद रस्त्यावच लागते.”

मी तिच्या ओल्या हातांकडे बघत राहिले. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि ती पळाली.

सकाळी त्यांनी अंगण झाडून, सारवल्यासारखं स्वच्छ करून दिलं. तो धिप्पाड तरुण, तो नवरीचा भाऊ निघाला, जाताना माझ्या पाया पडला. मी घरातला उरलेला काळा रंग काढून पाटीवरचा नंबर पुसत होते तेवढ्यात माझा फोन वाजला. राखणदार.

“बाय, काल फोन लावलावता का? यार्डात डबल ड्युटी व्हती, आन ड्युटीव फोन जमा करायला लागतो. आत्ता सुटलो.” मग त्याला आठवलं. “आगं बाय माझे! ती हलद! मी सोता येनार व्हतो, तुमाला सांगायचा राहूनच गेला. झाली का हलद?”

“झाली,” मी म्हणाले. चिडायचं होतं, पण त्याहून मोठी शंका आली होती. “आणखी कुणाला शब्द दिलायस?”

“दिलाय की दोन-तीन जनांना. या लग्नसराईतलेच. एक गव्हान गावाकरचा हाय, बाकीचे आता नाय आठवत, बाय.” तो अगदी निर्धास्त आवाजात म्हणाला, “येतील ते.”

पाटी मी काळी केली, पण शब्द कुणाकुणाच्या खिशात आहे ते मला माहीत नाही. म्हणून त्या दिवसापासून लग्नाच्या प्रत्येक मुहूर्ताच्या आदल्या दिवशी, हळदीला, मी नेऱ्याला येते. एकटी येते. पाल चुकचुकली तरी दचकते. दुपारपासून ओटीवर बसून राहते आणि रस्त्यावर कुठेही टेम्पोचा आवाज आला की खांब धरून उठून उभी राहते. तो आवाज पुढे निघून गेला की सुटल्यासारखं वाटतं, हेही खोटं नाही.

आजही बसले आहे. वळणावर एक हॉर्न वाजलाय आणि गाडीचा वेग कमी झालाय. मी उठले आहे. फाटकाला मी आता कुलूप लावत नाही.