तेराव्या फोटोतली महालक्ष्मी

आमच्या गल्लीत महालक्ष्म्यांना साडी नेसवावी तर मीच, असं मी म्हणत नाही, गल्ली म्हणते. मी फक्त नाही म्हणत नाही. भाद्रपदात गणपतीच्या मागोमाग त्या दोघी बहिणी तीन दिवसांच्या माहेरपणाला येतात. कुणी त्यांना गौरी म्हणतं, आमच्याकडं महालक्ष्म्या. खाली लोखंडी स्टँड, वर मुखवटा, आणि मधलं सगळं माझं. पस्तीसेक वर्षं झाली असतील. हळदीकुंकवाला बायका येतात, समोर बसतात, "निऱ्या बघा की, वहीच्या पानासारख्या" म्हणतात, आणि मी नम्रपणानं मान खाली घालते. नम्रपणा मला चांगला जमतो.

मागं काय असतं, हे कुणी कधी विचारलं नाही. मागं भिंत असते आणि भिंतीला बोलता येत नाही, हे एक बरं आहे. खरं सांगायचं तर मागं उरलेल्या साडीचा बोचका असतो, सुतळीच्या गाठी असतात, दहाबारा पिना असतात. एका वर्षी तर आमच्या ह्यांचा जुना पट्टा होता, कारण ऐन वेळी कंबर बसेना. पुढून जरतारी, मागून गाठोडं. देवीनं कधी तक्रार केली नाही. केली ती पुण्याच्या एका बाईनं.

पण त्याआधी सुनेचं सांगायला पाहिजे. आमची सून एका कारखान्यात शाळेच्या गणवेशाच्या कॉलरी शिवायची. अख्खा शर्ट नाही, नुसती कॉलर. नऊ वर्षं कॉलर. सोलापुरातल्या निम्म्या पोरांच्या गळ्याला तिचा हात लागलेला असेल. मान अशी धरली होती की कुणी हाक मारली तर मान वळायची नाही, बाई अख्खी वळायची. शेवटी तिनं ते काम सोडलं आणि घरच्या मशीनवर महालक्ष्मीच्या शिवलेल्या साड्या करायला लागली. मी स्टँडवर नेसवायची, ती तशीच टाचून शिवायची. घेणाऱ्यानं फक्त चढवायचं आणि मागं दोऱ्या बांधायच्या, म्हणजे स्टँड जाड असो की बारीक, बसणार. पहिल्या वर्षी ओळखीपाळखीत गेल्या. यंदा तिनं ऑनलाइन दुकानावर चढवल्या आणि चाळीस शिवून कपाटात रचून ठेवल्या. "या सणाला गेल्या नाहीत तर मला परत कॉलरी आहेतच," एवढं एकदाच बोलली, चहा गाळताना, माझ्याकडं न बघता.

आणि आषाढातच पहिली साडी परत आली. सण दोन महिन्यांवर असताना खरेदी, चढवून बघणं, नापसंती आणि परत पाठवणं, सगळं उरकून मोकळी झालेली ती पुण्याची बाई. शिस्त म्हणतात ती ही. सोबत तिनं पाठीचा फोटो काढून दुकानावर टाकला आणि खाली लिहिलं, 'मागून अर्धवट आहे. फसवणूक.'

मी सुनेला म्हटलं, "अगं, ही बाई देवीच्या मागं जाऊन काय करत होती?"

"आई, बघत होती."

"देवीला मागून बघतात व्हय कुणी?"

"पैसे देऊन घेतलेल्या वस्तूला बघतात," सून म्हणाली. यावर माझ्याकडं बोलायला पुष्कळ होतं, पण तेवढ्यात तिचा फोन वाजला. दुकानाचा निरोप होता. विक्री थांबवली आहे. साडीचे चहूबाजूंनी फिरते फोटो पाठवा, चोवीस, सारख्या अंतरानं. मग गिऱ्हाईक बोट फिरवणार आणि साडी त्याच्यासमोर गोल फिरणार. ते पाठवाल तेव्हा चालू करू.

सात रस्ता चौकात एक फोटोवाला हे काम करतो असं कळलं, म्हणून आम्ही दोघी स्टँड रिक्षात घालून गेलो. त्याच्याकडं फिरतं टेबल होतं, पण ते लोणच्याच्या बरणीच्या मापाचं. "बूट, घड्याळ, बाटली असलं काही आणा," म्हणाला. पाच फुटी देवीकडं त्यानं असं बघितलं जणू चूक तिचीच आहे. आम्ही तिला परत रिक्षात घातलं.

घरी मुलाची गोल फिरणारी खुर्ची होती. घरून काम करायचं म्हणून मोठ्या हौसेनं आणलेली, आणि आता तिच्यावर टॉवेल वाळायचे. तिची पाठ काढली, वर पाट बांधला, पाटावर स्टँड. आता सारखं अंतर कसं धरायचं? मुलगा फोनवर कसलंसं मोजायचं साधन शोधत बसला. शोधू दे म्हटलं, त्यालाही काहीतरी काम पाहिजे. मी वर्तमानपत्र घेतलं, अंब्रेला परकर बेततात तशी घडी घातली: अर्ध्याचं अर्ध, त्याचं अर्ध, मग तीन भाग. गोल कापून उघडलं तर चोवीस पाकळ्या. खुर्चीखाली जमिनीवर चिकटवलं. त्याला अजून साधन सापडायचंच होतं.

मुखवटा मात्र मी चढवू दिला नाही. आवाहनाआधी तिला खुर्चीवर गरगर फिरवायचं, हे माझ्या मनाला पटेना. डोक्याच्या जागी तांब्या उपडा घातला. मागं पांढरी चादर, स्टुलावर फोन, आणि पंखा बंद, कारण पंख्यानं पदर हलतो. आषाढात पंखा बंद करून बसायची मजा सोलापूरकराला सांगायला नको. एक पाकळी सरकवायची, थांबायचं, फोटो. परत एक पाकळी. एक नंबर समोरचा. सात नंबर कुशीचा. तेरा नंबर बरोब्बर पाठीचा.

फोटो बघायला शेजारीण आली. तिच्या सासरी माग होते, घरात तेलुगू बोलतात, आणि कापड उलटं करून बघितल्याशिवाय ही बाई चांगलं-वाईट काही म्हणत नाही. सुनेनं फोनवर फोटो फिरवून दाखवले. बारापर्यंत शेजारीण "अगाई, अगाई" करत होती. तेराव्याला थांबली. ब्लाऊज नुसता पुढचा, मागं लाळेऱ्यासारखी नाडी. खाली परकराची फट. पदर खांद्यावरून हातभर जाऊन संपलेला, कापड वाचवायला मीच तसा कापायला सांगितलेला.

"वैनी," ती म्हणाली, "पुढनं लई झ्याक. मागनं मात्र देवी घाईत पळून आल्यागत दिसतीया."

"तुला कुणी विचारलं?"

"तुमीच बोलावलं की!"

बोलावलं होतं खरं.

मग मुलाच्या डोक्यात आयडिया आली. तो म्हणाला, पाठ दाखवायचीच कशाला? एक ते सात फोटो घ्यायचे आणि उलटे परत यायचे, नंतर दुसऱ्या बाजूला तसंच. फिरल्यासारखं वाटेल. केलं. सुनेनं बोट फिरवलं. महालक्ष्मी डावीकडं वळली, परत आली, उजवीकडं वळली, परत आली. आम्ही चौघं बघत होतो.

"ही नाही म्हणतीये," सून म्हणाली.

खरंच. तांब्याचं डोकं या खांद्याकडून त्या खांद्याकडं. नाही, नाही, तुमच्या घरी येणार नाही. सणासुदीला कुणी बघितलं असतं तर दारच लावून घेतलं असतं. मुलगा म्हणाला, दुकानवाल्यांना कळणार नाही. दुकानवाल्यांना दुपारच्या आत कळलं.

आता पाठ शिवण्यावाचून इलाज नव्हता, पण मी म्हटलं, मी नव्यानं नेसवून देणार नाही. ऐकून घ्या, मी काही चांगली बाई नाही. पस्तीस वर्षं ज्या हाताचं कौतुक झालं, त्या हातानं कुणा अनोळखी बाईच्या हट्टासाठी नव्यानं शिकायचं? देवीला दोन बाजू पुरतात, पुढची आणि श्रद्धेची, असं एक सुंदर वाक्यही मी बोलून गेले. सुनेनं मशीनवर झाकण घातलं. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले तर ती पाठमोरी उभी, कानाला फोन. "ताई, कॉलरच्या मशीनला जागा आहे का अजून? नाही, आत्ताच नको, सण झाला की." आणि बोलता बोलता दुसऱ्या हातानं मान दाबत होती.

मी कपडे न काढताच खाली आले.

दुसऱ्या दिवशी आषाढातल्या शेवटच्या मुहूर्तावर बार्शीला एक लग्न होतं. एरवी मी पहिल्या रांगेत बसते, माझा तसा लौकिक आहे. त्या दिवशी गेले आणि सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसले. नवरीकडची एक बाई दोनदा बोलवायला आली. "मावशी, पुढं या की, हितनं काय दिसतंय?"

"हितनंच दिसतंय," मी म्हटलं.

दोन तास मी पाठी बघितल्या. कुठली अक्षता आणि कुठलं काय. तरण्या पोरींचे ब्लाऊज असे की मागं कापडापेक्षा गोंडेच जास्त. समोरून राणीसारख्या आणि मागून निऱ्यांचं टोक कमरेतून बाहेर आलेलं, अशा किती तरी. आणि मध्येच एक माझ्याच वयाची बाई. तिचा पदर पाठीवरून उजव्या कुशीत गेलेला, डाव्या खांद्यावरून पोटरीपर्यंत सरळ पडलेला, काठ ओळंब्यानं धरल्यासारखा. मी तिच्या मागं मागं जेवणाच्या रांगेत गेले. वीतभर अंतरावरून बघताना माझा हात कधी पदराला लागला, मलाच कळलं नाही. ती गर्रकन वळली.

"काय वो? काय लागलंय का मागं?"

"न्हाय न्हाय. लई चांगलं हाय."

"मग हात का लावताय?"

"सूनबाईला दाखवायचंय," मी म्हटलं. यापेक्षा खरं मला सुचलं नाही. तिनं ताट उचललं आणि मला पुढं जाऊ दिलं. माझ्या मागं उभं राहणं तिला जास्त सुरक्षित वाटलं असणार.

घरी येऊन सुनेला म्हटलं, "साडी नेस आणि पाठ करून उभी राहा."

"कशाला, आई?"

"देवी हो थोडा वेळ."

ती उभी राहिली. नऊ वर्षं, नाही, लग्नापासून धरलं तर चौदा वर्षं ही माझ्या घरात आहे. पुढून मी तिला पुष्कळ बघितलं होतं, चुका काढायला पुढूनच बघावं लागतं. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली आहे, हे मला त्या दिवशी दिसलं. मशीनकडं झुकून झुकून. पदराचं माप घेताना टेप मी त्या खांद्यावर ठेवली, आणि माप घेऊन झालं तरी जरा वेळ हात काढला नाही. "झालं का?" म्हणाली. "थांब की," म्हटलं.

मग लागलो कामाला. दोऱ्या मागून काढून डाव्या कुशीत नेल्या. कापून ठेवलेलं कापड काठ जुळवून परत जोडलं आणि पदर पोटरीपर्यंत सोडला, तो दोऱ्यांवर पडला की काही दिसत नाही. ब्लाऊजला पाठ आली, पाठीला छोटी पायपीन, म्हणजे कडेचा बारीक गोट आला. चाळीसच्या चाळीस उसवल्या. शेजारीण उसवायला बसायची आणि प्रत्येक साडी आधी उलटी करून बघायची. मी तोंड बंद ठेवायला शिकत होते. माझ्या वयात नवीन काही शिकता येत नाही म्हणतात, ते खोटं आहे, फक्त जबडा दुखतो.

फोटोच्या दिवशी परत पंखा बंद, परत पाकळ्या. तेराव्या पाकळीला सून फोनपाशी थांबली, बघत राहिली आणि म्हणाली, "आई, हा सगळ्यात चांगला आलाय." मी मान खाली घातली नाही. बघून घेतला नीट.

दोन दिवसांनी दुकान चालू झालं. श्रावण निम्मा सरलेला. आम्ही दोघी जेवताना, झोपताना, देवापुढं दिवा लावताना फोन बघायचो. पाचव्या दिवशी त्यावर एक बाई आल्या, लातूरकडच्या. चौकशीसाठी थेट बोलायची सोय होती, सून मशीनवर होती, म्हणून फोन मी उचलला.

"अहो ताई, ती साडी छान आहे," त्या म्हणाल्या, "पण ते फिरतंय फार. मला गरगरतंय. समोरून एक साधा फोटो टाका की."

"टाकते. पण मागून बघितली का?"

"मागून कशाला? मागून कोण बघतंय देवीला?"

आता खरं तर ही माझीच बहीण. महिन्यापूर्वी मी तिला चहा पाजला असता. पण माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. मी म्हटलं, "न्हाय, तुम्ही बघाच. बोट ठेवा आणि हळू फिरवा. तेराव्यावर थांबा."

"अहो, राहू द्या की."

"राहू कसं द्या? एका बाईची मान गेलीय त्यात. फिरवा तुम्ही."

सून मशीन थांबवून, अख्खी वळून माझ्याकडं बघत होती. पलीकडं बांगड्या वाजल्या, बोट फिरत असणार. मग त्या बाई म्हणाल्या, "अगाई, पदर सोडलाय की हो पुरता!" आणि जरा थांबून, "आमच्यात जोडी लागते. दोन पाठवा."

फोन ठेवला. "काय म्हणाल्या?" सुनेनं विचारलं.

"दोन."

ती वळून परत मशीनवर बसली, पण पाय चालवला नाही तिनं लगेच. त्या महिन्यात कपाट पुरतं रिकामं झालं नाही, सात साड्या उरल्या, खोटं कशाला सांगू. पण सण झाल्यावर कारखान्यातल्या त्या ताईंचा फोन आला, कॉलरच्या मशीनला जागा झालीय म्हणून, तेव्हा सून म्हणाली, "दुसरी कुणी बघा, ताई. मला आता वेळ नाही." हे ती अगदी माझ्यासारख्या नम्रपणानं म्हणाली.