मावशीला पाठवा

सांगलीतल्या एका दवाखान्यात मी मावशी आहे. झाडणं, पुसणं, पेशंटला भांडं देणं, धुणं, हे माझं काम. दिवाळीनंतर एक सिस्टर पुण्याला गेली, दुसरी लग्न होऊन फलटणला, तिसरी न सांगताच यायची बंद झाली. दोन मजल्यांना मिळून एकच उरली. नवीन कोणी आली तर कामाची ओढाताण बघूनच जाते.

मग डॉक्टरसाहेबांनी मला सिस्टरचा निळा ॲप्रन दिला. "मावशी, नुसतं वॉर्डात उभं राहायचं. कशाला हात लावायचा नाही. नातेवाइकांना धीर येतो."

मला नको म्हणता आलं नाही. मला कुणालाच म्हणता येत नाही.

त्या दुपारी आष्ट्याचे एक आजोबा आले, सोबत आजी. वरून सिस्टर आली, सलाईन लावून पळत वर गेली. आजी माझा हात धरून म्हणाल्या, "सिस्टर, तुमी हाय म्हणून घोर न्हाई बगा." मी खाली बघितलं.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "सिस्टर, जरा मावशीला पाठवा की. ह्यास्नी भांडं पायजे."

"लवकर गं," आजोबा कळवळले, "न्हाईतर हितंच कृष्णंला पूर यील."

"पाठवते," मी म्हणाले. तोंडातून तसंच गेलं. जिन्याखाली जाऊन ॲप्रन काढला, खुंटीला अडकवला, भांडं घेतलं आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून आत आले. वाटलं, मावशीच्या तोंडाकडे कोण बघतंय?

आजींनी बघितलं. "आवं, मगाशी सिस्टर तुमीच व्हता न्हवं?"

"व्हय."

आजोबांना हसू फुटलं. "लय हुशार डॉक्टर! एका पगारात दोन बायका."

आजी हसल्या नाहीत. "मग बाटली सरली तर तुमाला बंद करता येती का?"

"न्हाई, आजी."

त्यांनी स्टूल ओढलं. बाटलीकडे बघत बसल्या. मी भांडं धुऊन येऊन दारात उभी राहिले. बाटली सरत आली तशा त्या उठल्या आणि गुडघ्यावर हात देत जिना चढायला लागल्या.

"आजी, सिस्टरला मी बोलावते की."

"ऱ्हाऊ दे, बाई."

सिस्टर म्हणाल्या नाहीत, मावशी पण नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. ॲप्रन खुंटीलाच होता. साहेब येताना दिसले, तसा मी तो घातला.