काचेतली मंडळी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. दादाच्या स्टुडिओचं पाहा ना. फोटो कुठल्या कुठे गेले, काच फुटली, स्टुडिओच्या जागी आता चपलांचं दुकान आहे. पण पांढुर्ण्याला माहेरी गेले की चहा व्हायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "सुमन, ते नामदेवरावाचं सांग ना." मग मी सांगते. एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतो, आणि चहा निवून जातो.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा मोठा भाऊ प्रभाकर, म्हणजे दादा, याचा फोटो स्टुडिओ होता. मागे आम्ही राहत होतो. ते ऐंशीनंतरचे दिवस. नागपूरला रंगीत फोटोची लॅब निघाली होती आणि जो येईल तो "कलर आहे का?" विचारून परत जात होता. दादाजवळ कलरची सोय नव्हती. एक दिवस तो पॅसेंजरने नागपूरहून आला, पिशवीतून दोन बाटल्या काढल्या आणि म्हणाला, "रंग आपल्याजवळ पण आहे. एकच आहे, पण आहे."

तो रंग म्हणजे सेपिया, जुन्या फोटोंना असतो तसा तपकिरी. आमच्याकडे लोक त्याला भुरा म्हणत. दादा गावात फिरून साधेच फोटो काढायचा. संत्र्याच्या पेट्या ठोकणारे, कापसाच्या बैलबंड्या, रेल्वे फाटकाजवळ खोळंबलेली माणसं. ते भुरे करून दर शनिवारी स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावायचा. विकायला नव्हते ते. गावाने गावाला पाहावं, एवढाच त्याचा हेतू होता. शनिवारी संध्याकाळी काचेसमोर ही गर्दी व्हायची.

फोटो भुरे करायचं काम माझ्याकडे होतं. त्याला अंधार लागत नाही, म्हणून ते परसात चालायचं. पिवळ्या पाण्याच्या ट्रेमध्ये फोटो टाकला की त्यातली माणसं हळूहळू पुसट होत. मग धुऊन दुसऱ्या पाण्यात टाकला की तीच माणसं भुऱ्या रंगात परत येत. मला ते फार आवडायचं. डाग पडू नयेत म्हणून मी आईचं जुनं लुगडं नेसायची आणि वेळ पाहायला दादाचं मोठं मर्दानी घड्याळ डाव्या हातात बांधायची.

एकच भानगड होती. त्या दुसऱ्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास यायचा. आणि त्याच वर्षी माझ्या लग्नाचं पाहणं सुरू होतं.

*

पहिल्याच शनिवारी शेजारच्या काकू नाकाला पदर लावून कुंपणाशी आल्या.

"सुमनची आई, अंडी करून राहिल्या का वं?"

आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात चालत नव्हता. आईने काकूंचा हात धरला आणि त्यांना सरळ परसात आणून ट्रेसमोर उभं केलं. त्या वेळी पाण्यात मंदिरातल्या पुजाऱ्यांचा फोटो होता. महाराज आधी पार दिसेनासे झाले होते, ते आता हळूहळू वर येत होते.

काकूंनी वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "अवं, महाराजाले कायले उकडून राहिली?"

काकूंचं ठीक होतं. पण पुढच्या पंधरवड्यात छिंदवाड्याकडची मंडळी मला पाहायला आली ती नेमकी शनिवारी. आईने उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा लावला. त्यामुळे उदबत्तीत अंडी उकडल्यासारखा वास आला. मंडळींनी पोहे तसेच ठेवले. आठवड्याने निरोप आला की मुलगी पसंत आहे, पण घरात काय चालतं ते आम्हाला कळलं.

बाबा शाळेत मास्तर. जन्मात खोटं बोलले नाहीत. ते त्या दिवशी दादाला एवढंच म्हणाले, "प्रभाकर, तुझ्या रंगापायी ही घरात राहील." मला त्या रात्री रडू आलं, हे खरं आहे. पुढल्या दोन स्थळांनी माझी पिवळी नखं पाहून नकार दिला. तरी शनिवार आला की मी ट्रे घेऊन बसायचीच, कारण ते काम मला आवडत होतं.

*

आता नामदेवराव. हे संत्र्याचे दलाल. दुपारी पेट्यांच्या थप्पीला टेकून, डोळे मिटून, छातीवर हात ठेवून झोपले होते. दादाने फोटो काढला, मी भुरा केला, शनिवारी काचेत लागला.

आता आमच्याकडे भिंतीवर भुरा फोटो कोणाचा असतो? जो गेला त्याचा. जिवंत माणसाचा काळा-पांढरा. हे दादाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नामदेवरावांच्या सासरचं कोणीतरी मोहगावहून बाजाराला आलं होतं. त्याने काचेत पाहिलं, हात जोडले आणि बाजार न करताच परत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेवराव ओट्यावर बसून दात घासत होते. समोर बस थांबली. बसमधून सासरच्या पाच-सात बाया रडत उतरल्या, मागून पुरुष डोक्याला दुपट्टे गुंडाळून. नामदेवरावांना वाटलं, सासरचं कोणी गेलं. त्यांनी दातन फेकलं, टॉवेल डोळ्याला लावला आणि मेव्हण्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडू लागले. मेव्हणाही धक्क्यात रडत राहिला.

बऱ्याच वेळाने नामदेवरावांनी डोळे पुसले आणि विचारलं, "पण बाप्पा, गेलं कोण?"

मेव्हणा म्हणाला, "तुम्ही."

*

त्या संध्याकाळी दादाने पुठ्ठ्यावर पाटी रंगवली आणि काचेत आतून लावली. वर मराठीत, खाली हिंदीत. "या काचेतील सर्व मंडळी जिवंत आहेत."

पाटीचा गावाला मोठा आधार झाला. लोक आधी पाटी वाचत, मग फोटो पाहत.

पाटी बदलावी लागली ती गंगूबाईमुळे. बाजारात कोपऱ्यावर बसून भाजी विकणारी म्हातारी. तिचा तराजू धरलेला फोटो काचेत बरेच दिवस होता. पावसाळ्यात ती गेली. दादा तिचा फोटो काचेतून काढायला लागला तेव्हा तिचा मुलगा समोर उभा होता.

"राहू द्या ना, भाऊ," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक विचारते, माय कुठं गेली. मी सांगतो, काचेत आहे, पाहून घ्या."

फोटो राहिला. पण मग पाटी खोटी ठरत होती आणि बाबांच्या घरात खोटी पाटी कशी चालणार? दादाने "सर्व" खोडून त्यावर "बहुतेक" लिहिलं. या काचेतील बहुतेक मंडळी जिवंत आहेत.

नामदेवराव येऊन वाचून गेले. म्हणाले, "माझ्या फोटोखाली वेगळं लिहा."

*

एक ठेकेदार होते. नवा पैसा, नवा दुमजली बंगला. ते दादाला म्हणाले, "आमच्या घराचा असा फोटो काढा की घराणं जुनं वाटलं पाहिजे. पुजेच्या खोलीत लावायचा आहे."

दादा गेला. अंगणातली स्कूटर बाजूला केली, सिमेंटची पोती हलवली. वर पाहतो तर गच्चीवर टीव्हीचा अँटेना, तोही चांगला उंच.

"शेठ, जुनं दाखवायचं तर तो अँटेना उतरवा लागते."

ठेकेदारांनी विचार केला. म्हणाले, "तो कसा उतरवता? टीव्ही आहे हे पण तर लोकायले समजलं पाहिजे."

*

बस स्टँडजवळच्या पानठेल्याचा फोटो होता. त्यात एका सरकारी कचेरीतला बाबू ऐन दुपारी पान लावून घेताना स्पष्ट दिसत होता. त्याच्या साहेबांनी काचेत पाहिलं आणि बाबूला तिथेच बोलावून घेतलं. आम्ही आतून ऐकत होतो.

"हे काय? कामाच्या वेळी तुम्ही इथे?"

"साहेब, जुना फोटो आहे," बाबू म्हणाला. "पाहा ना, भुरा पडला. तेव्हा मी नोकरीवर पण लागलो नव्हतो."

साहेब काचेजवळ गेले. चष्मा वर केला, परत खाली केला. मग आत येऊन दादाला हळू आवाजात म्हणाले, "तो पानठेल्याचा काढून टाका."

"का साहेब?"

"मागच्या बाकावर चहा पिऊन राहिला, तो मी आहे."

*

आता माझं.

एका शनिवारी फोटो वाळेपर्यंत मी परसात तांदूळ निवडत बसले होते. आईचं लुगडं, ऊन लागतं म्हणून डोक्यावर पदर, हातात सूप, डोळे उन्हाने बारीक झालेले. दादाने कधी फोटो काढला मला कळलं पण नाही. पुढच्या शनिवारी तो ट्रेमध्ये माझ्याच हाताने वर आला. मी म्हटलं, लावू नको. दादा म्हणाला, "तुला कोणी ओळखत नाही त्यात." आणि खरंच, मी त्यात साठीची बाई दिसत होते. लावला.

त्याच दिवशी सौसरची मंडळी यायची होती. ती संध्याकाळी यायची, पण आधीच्या बसने दुपारीच उतरली. ट्रे मी नुकतेच धुऊन ठेवले होते, तरी वास होताच. मुलाची आई आमच्या घरात न येता काचेसमोरच थांबली. बराच वेळ उभी. आई दाराआड देवाचं नाव घेत होती. हे स्थळ गेलं तर बाबा स्टुडिओ बंद करायला लावणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माझं लग्न आणि दादाचं दुकान, दोन्ही त्या काचेसमोर टांगलेली.

शेवटी बाई आत आल्या. बसल्या. वासाबद्दल एक शब्द नाही. बाबांना म्हणाल्या, "गुरुजी, काचेत ते सूप घेऊन बसल्या, त्या कोण?"

बाबा घुटमळले. मग म्हणाले, "आमच्या घरातल्याच आहेत."

"तुमच्या आई असतीन. नात पुरी आजीवर गेली आहे." मी तेव्हा पोह्यांची ताटली घेऊन उभी होते. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या नखांकडेही पाहिलं. मग म्हणाल्या, "पाटीवर बहुतेक लिहिलं आहे. मंग त्या बहुतेकातल्या, का बाकीच्यातल्या?"

खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगवत नाही, म्हणून बाबांनी वर आढ्याकडे पाहिलं.

बाईंनी लगेच पदर सावरून वर हात जोडले. म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. आणि आजीचा फोटो आम्हाले द्या. घरात लावतो."

दादाने फ्रेम करून दिला. काय करणार?

सौसरच्या घरी माजघरात सासऱ्यांच्या आईवडिलांच्या शेजारी मी टांगले गेले. आल्यागेल्याला सासूबाई सांगायच्या, "ही सुमनची आजी. मोठी करारी बाई होती म्हणतात." कोण म्हणतं, ते कधी सांगितलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना जेवण दाखवायचं, फोटोंना हार घालायचे, तो मान सुनेचा. म्हणजे मी मला हार घालायची आणि मला नमस्कार करायची.

त्या फोटोत एक वाईट गोष्ट होती. दादाचं मर्दानी घड्याळ डाव्या हातात तसंच राहिलं होतं. पदराखालून अर्धं दिसायचं. मला ते पहिल्या आखाजीला, हार घालताना दिसलं. फसवून सून दिली म्हणून मला माहेरी पाठवलं असतं तर बाबांनी कोणाला तोंड दाखवलं असतं? यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आईले सांगू नको." तेव्हापासून मी आजीचा हार जरा लांब करायची, बरोबर मनगटावर येईल असा. अशी कितीतरी वर्षं काढली. घरातले म्हणायचे, सुमनचा आजीवर भारी जीव, तिचा हार सगळ्यात मोठा असतो.

मग एक आखाजी अशी आली की भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं. ब्राह्मण यायची वेळ झाली होती. मी स्टुलावर उभी राहून हार घालत होते आणि सासूबाई खाली बसून तांदूळ निवडत होत्या.

"आई, किती वाजले असतील हो?" मी विचारलं.

सासूबाईंनी सुपातून मान वर केली नाही.

"तुह्या आजीले विचार ना," त्या म्हणाल्या. "तो हार थोडा बाजूले कर, दिसते."