सूर्य हाय अजून

आमचे अण्णा उभ्यानं जेवायचे. अण्णा म्हणजे कल्लाप्पा मगदूम. एमआयडीसीत त्यांची फाउंड्री, आणि मी तिथं परदेशी मेल आणि फोन सांभाळणारी. अमेरिकेतल्या ट्रॅक्टरांसाठी आम्ही बिडाच्या गिअरबॉक्सच्या पेट्या ओतायचो. अण्णा कडक जैन; दिवस मावळला की तोंडात काही घालायचे नाहीत. संध्याकाळी राजारामपुरीतल्या घरून डबा आला की ते मागच्या दाराशी उभे राहायचे. हातावर भाकरी, डोळा मावळतीकडं आणि कान टेबलावरच्या फोनकडं. कारण आमचा दिवस मावळायला येतो, तेव्हाच तिकडची ऑफिसं उघडतात.

फोन वाजला की भाकरी परत डब्यात जायची. तिकडचा साहेब बोलणार, मी ते मराठीत सांगणार आणि अण्णा "इचार की त्याला, इचार की" करत माझ्या खुर्चीभोवती घिरट्या घालणार. बोलणं संपेपर्यंत बाहेर अंधार. "तेंची न्याहारी झाली, आमचा उपास झाला," म्हणून हसायचे. मला मात्र संताप यायचा. घरी काकूंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, तर त्याहून जास्त, पण त्या बोलायच्या मलाच, जणू अमेरिका माझं माहेर.

एका जागी बसणं त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. सकाळी जगाच्या बातम्या ऐकतसुद्धा येरझाऱ्या. कुठल्या तरी समुद्रात क्षेपणास्त्रं उडाली आणि आमचा माल आफ्रिकेला वळसा घालून जायला लागला, तेव्हा ते भिंतीवरच्या नकाशासमोर कितीतरी वेळ चुळबुळत होते. "भांडत्यात कोण, आन् फिरतंय कोण बघ," एवढंच म्हणाले.

मग अमेरिकेनं आयातकर वाढवला. साहेबाचा फोन आला, नेहमीसारखा भाकरीच्या वेळेलाच. फार सभ्यपणे त्यानं सांगितलं, सध्या माल पाठवू नका.

"सध्या म्हंजे कवापातूर?" अण्णांनी विचारायला लावलं.

मी विचारलं. ते आमच्या इथंही कुणाला माहीत नाही, असं उत्तर आलं.

पैशाची काळजी होतीच, पण अण्णांचा जीव टांगणीला लागला तो साचे घालणाऱ्या माणसांपायी. बहुतेक सगळे जवळच्याच गडमुडशिंगी गावचे, त्यांचा म्होरक्या मारुती. काम थांबलं तर ही माणसं दुसरीकडं जाणार आणि एकदा गेली की येणार नाहीत. "भट्टी कवाबी पेटवता येती पोरी. मारुतीसारखा हात परत गावत न्हाय," असं ते दिवसभर मला, वॉचमनला, चहावाल्याला ऐकवत फिरायचे.

त्या तळमळीतून तवे निघाले. शहरांत बिडाच्या तव्यांचं नवं वेड आलंय, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. पहिला तवा मोठ्या थाटात घरी गेला. काकूंना तो दोन्ही हातांनी उचलेना.

"ह्यो तवा हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "ह्याच्यावर ट्रॅक्टर हुबा करा!"

ट्रॅक्टरच्या पेटीची जाडी हाताला बसलेली, तीच तव्याला आली होती. गॅस जळत राहिला आणि तवा काही तापेना. मारुती हिरमुसला. "अण्णा, जाड ठेवा, जाड ठेवा म्हणून तुमीच वरडत आलाईसा की!"

अण्णा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि लगेच उठून साच्यासाठी नवा पॅटर्न, म्हणजे तव्याचा नमुना, करायला गेले. पुढचे तवे पातळ होऊन तडकले. बरीच मोडतोड झाल्यावर एक तवा काकूंनी एका हातानं उचलला, तेव्हा कुठं विक्री सुरू झाली. कमाई पूर्वीची नव्हती. तेवढ्यावर सगळे कसेबसे भागवत राहिले, पण मारुतीच्या टोळीतलं कुणी सोडून गेलं नाही.

कित्येक महिन्यांनी, अशाच एका संध्याकाळी फोन वाजला. साहेबाचं नाव बघून मी झेप घेतली.

"वाजू दे," अण्णा म्हणाले.

"अहो अण्णा, अमेरिका!"

"आसू दे की. सूर्य हाय अजून."

त्यांनी स्टूल ओढलं आणि चक्क बसले. भाकरी सावकाश संपवली, चूळ भरली, आणि बाहेर अंधारल्यावर म्हणाले, "लाव आता."

साहेबाला पहिल्यासारखी सगळी भट्टी हवी होती. अण्णांनी सांगायला लावलं: निम्मी तुमची, निम्मी तव्यांची. साहेबानं वेळ मागून घेतला. विचार करून त्यानं चार दिवसांनी होकार कळवला. ते चार दिवस अण्णा पुन्हा माझ्या खुर्चीभोवती फिरत होते. "चुकलं तर न्हाय न्हवं गं?"

यंदाच्या थंडीत ते गेले. हृदयानं दगा दिला. आता काकू मालकीण आहेत आणि कारभार माझ्या गळ्यात आहे. त्यांची आठवण यावी असा दिवस शोधावा लागत नाही. रोज संध्याकाळ होतेच.

काल सकाळपासून बातम्यांत पुन्हा करांची चर्चा होती. संध्याकाळी मी मागच्या दाराशी डबा उघडला आणि फोन वाजला. मी ताडकन उठले.

मारुती भट्टीकडून ओरडला, "ताई, बसा! सूर्य हाय अजून."

मी जैन नाही. अंधारात जेवले तरी मला कोण अडवणार? तरी बसले. फोन वाजत राहिला आणि तोंडातला घास काही केल्या खाली उतरेना. अण्णांना त्या दिवशी तो कसा उतरला, एवढंच विचारायचं राहून गेलं.