हुशार पोर आणि माझं नाक

इरप्पा दाराबाहेर अंगठे धरून ओणवा उभा होता, मी रागानं लालबुंद होऊन वर्गात उभा होतो, आणि तेवढ्यात नाजिरसाहेबांचा टांगा वेशीत आल्याची वर्दी आली.

निजामाच्या राज्यात नाजिर म्हणजे शाळा तपासणारा साहेब. ते वजिफ्यासाठी येत होते. वजीफा म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती. चौथीतल्या सगळ्यात हुशार अशा एकाच पोराचं नाव मी द्यायचं. त्याला पुढं धाराशिवला शिकायला मिळणार, बाकीच्यांची शाळा इथंच संपणार.

मी कळंबकडचा, नळदुर्गाजवळच्या या गावात नवीन. निम्म्या घरांत कन्नड बोलत. मला कन्नड येत नाही हा दोष पोरांचाच, अशी माझी समजूत होती.

हुशारी ओळखायची माझी पद्धत सोपी होती. अक्षर वळणदार, टोपी सरळ, पाढे तोंडपाठ, की पोरगं हुशार. त्यामुळं वामनचं नाव मी फॉर्मवर आधीच लिहून ठेवलं होतं. तरी परीक्षा घेतल्यासारखं दिसावं म्हणून त्या सकाळी एक तोंडी गणित घातलं.

"अंगणात शेळ्या आणि कोंबड्या मिळून दहा. पाय मोजले तर अठ्ठावीस. शेळ्या किती?"

वामन अठ्ठावीसचा पाढा म्हणू लागला. मागून इरप्पा ओरडला, "नाक!"

वर्ग खो खो हसला. इथं सांगायला हवं की मला नाक देताना देवानं हात फारच सैल सोडला होता. त्या शाळेत तो शब्द कुणी उच्चारत नसे. शेंबूड आलेलं पोरसुद्धा "गुरुजी, पुसून येतो" एवढंच म्हणे.

"न्हाय गुरुजी, नाक म्हंजे..."

"परत नाक? हो बाहेर!"

नाजिरसाहेब टांग्यातून उतरले ते थेट इरप्पापाशी गेले. हा माणूस बरीच वर्षं गुलबर्ग्याकडं नोकरी करून आलेला.

"मास्टर, ये बच्चा बाहर कायकू?"

"साहेब, भर वर्गात नाक म्हणाला."

"किसकी नाक?"

"माझं."

साहेबांनी माझ्याकडं नीट पाहिलं. सभ्य माणूस, त्यांनी विषयच बदलला. "सवाल क्या था?"

मी सवाल सांगितला.

"और जवाब?"

आता खरी पंचाईत झाली. उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर होतं आणि पुस्तक घरी होतं. मी पाठीमागं हात घेऊन बोटं मोजू लागलो.

"चार, मास्टर," साहेब म्हणाले. "कन्नडी में चार को नाक बोलते."

मग त्यांनी इरप्पाला सरळ उभं केलं. "कैसा निकाला?"

"समदी कोंबड्याच धरली, साहेब. पाय झालं वीस. उरलं आठ. दोन-दोन करून शेळ्यास्नी वाटलं."

ही युक्ती मलाही तेव्हाच कळली.

"गुरुजी ने सिखाया?"

इरप्पानं माझ्याकडं पाहिलं. "व्हय," तो म्हणाला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

वामनचं नाव खोडून इरप्पाचं लिहिलं. नाव का बदललं, असा फॉर्मवर एक रकाना होता. साहेबांनी सांगितलं आणि मी माझ्याच अक्षरात लिहिलं, 'मुदर्रिस को गिनती नहीं आती थी.' मुदर्रिस म्हणजे मास्तर. म्हणजे मी.

इरप्पा धाराशिवला गेला. मी मात्र हजेरीपट काढून बसलो. सात नावांपुढं मी 'मंद' असा शेरा मारलेला होता. सातही पोरं घरी कन्नड बोलणारी. त्यातली तिघं तर शाळा सोडून गेली होती. त्यांना परत आणायला मी घरोघर गेलो.

"आता कशाला, गुरुजी?" एकाचा बाप म्हणाला. "तुमीच म्हनला व्हता न्हवं, पोराला डोकं न्हाय म्हून?"

तिघांतलं एकही परत आलं नाही.

हुशार पोर ओळखायला मला कन्नडचा एक शब्द शिकावा लागला. मंद ठरवताना मात्र मला काहीच शिकावं लागलं नव्हतं.